साठ गॅलन

खालापूर,
रविवार, २२ नोव्हेंबर १९३६

प्रिय सहदेव,

या आठवड्यात तुला लिहायला घेतलेलं हे चौथं पत्र. आधीची तीन पान-दीड पान झाली आणि फाडून टाकली. मध्येच उठतो, पाताळगंगेपर्यंत चालत जातो, येतो, पुन्हा टाक हातात घेतो. सोबतचं पत्र तुझ्या आईचं आहे. नेहमीसारखं तिनं कळंबला ओसरीवर बसून सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. भात कापून झालं, विमलच्या बाळाला दात आले का, एवढंच त्यात आहे. हे दुसरं मात्र माझं.

बातमी अशी, की शेठ पुन्हा विमान घेताहेत. खांदा जुळला, गळ्यातली झोळी निघाली आणि त्यांना हुक्की आली. दोन विमानं नजरेसमोर आहेत. एक तिघांचं, टाकी मोठी. दुसरं पाचांचं, ऐसपैस, पण पाचही बसवले तर पेट्रोल अर्धंच भरावं लागेल. कोणतं घ्यायचं ते पुन्हा मीच ठरवायचं. शेठ म्हणाले, "माणसं किती, मैल किती, ते तू मांड. तुझा आकडा म्हणजे आकडा." हे ऐकलं आणि मी समोरचा कागद उलटा घातला. का, ते सांगतो. जरा दमानं सांगू दे.

मागच्या वर्षीचे ते दिवस आठव. तू शेठची लॉरी चालवायचास आणि त्यांनी तुला जुहूला विमान शिकायला धाडलं, तेव्हा कळंबपासून चौकपर्यंत दुसरा विषय नव्हता. मी भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधली नोकरी सोडून शेठच्या गिरणीत आलो, तोही त्याच हौसेनं. मग विमान निवडायची वेळ आली. शेठचं मागणं ठाम होतं. ते स्वतः, त्यांचा भाऊ आणि दिवाणजी, तिघांना घेऊन वाटेत कुठंही न उतरता थेट कराची. तू म्हणालास, "गजा, लहान घेऊ. अहमदाबादला उतरू, चहा पिऊ, पेट्रोल घेऊ, पुढं जाऊ. आपल्याला कुठं शर्यत लावायचीय?" तुझं म्हणणं सरळ होतं. पण मला दाखवायचं होतं. आकड्यांवर माझा हात बसलेला, असा माझा तोरा. एका संस्थानिकानं विकायला काढलेलं ते मोठं अमेरिकन विमान मी धरून बसलो. त्याच्या पुस्तिकेत टाकी साठ गॅलनची लिहिली होती. जुहूच्या मिस्त्र्यानं तासाला दहा गॅलन जळतं असं सांगितलं. सहा तास, ताशी एकशे दहा मैल. कराची पावणेसहाशे मैलांवर. पाऊण तासाचं पेट्रोल वर उरतं. मी कागद शेठपुढे ठेवला आणि तुझ्याकडे बघून हसलो होतो. ते हसणं मला आता नको नको होतं.

मग वजनं केली. गिरणीतल्या भाताच्या काट्यावर शेठ चढले तेव्हा सगळे हमाल तोंड फिरवून हसत होते. तुझी आई आपणहून आली. विमलला कराचीला देऊन सहा वर्षं झाली, नातू झाला, आणि बोट म्हटलं की म्हातारीच्या पोटात ढवळतं. रेल्वेचे तीन दिवस तिला झेपणारे नव्हते. "ल्योक इमान चालवतो, मंग मी काय चालत जाऊ?" असं म्हणत ती काट्यावर उभी राहिली. नवं लुगडं नेसली होती, हातात बाळासाठी शिवलेली कुंची. "जित्या माणसाला भातावानी जोखतात का रं गजा?" एकाहत्तर रत्तल भरली. मी बेरीज केली. साठ गॅलन पेट्रोलचेच चारशे बत्तीस रत्तल होत होते. आई बसली की विमान मर्यादेपेक्षा एकाहत्तर रत्तल जड. मी तिचं नाव खोडलं. तिनं कुंची माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "ही तरी जाईल ना?"

निघायच्या दिवशी लोधिवलीच्या माळावर सगळा तालुका लोटला होता. हार, नारळ, पोरांचा गलका. ठाकरवाडीचा कान्हा टाकी भरत होता. चार-चार गॅलनचे पंधरा डबे आणले होते. तो हात पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबू, टाकी भरली, पर अडीच डबं उरलं." मी शेठला हार घालायच्या गडबडीत होतो. म्हणालो, "कालचं असेल आत." तो तिथंच उभा राहिला. "काल म्याच उपसली टाकी. कोरडी व्हती." मी म्हणालो, "जा रे, मागं हो, पंखा फिरेल आता." टाकीचा काटा बिघडलेला आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच तू वरून ओरडून विचारलंस, "गजा, किती?" आणि मी हात उंच करून म्हणालो, "साठ! काठोकाठ!" तू मान हलवलीस. पुन्हा विचारलं नाहीस. माझ्या शब्दावर तू स्वतःसकट चार जीव घेऊन समुद्रावर गेलास.

पुढचं तू मला सांगायचं आणि मी ऐकायचं, असंच आजवर चाललं आहे. कराची वीस-पंचवीस मैल उरली आणि इंजिन गप्प झालं. खाली खाडीचा चिखल. तिथं तू ते उतरवलंस, चाकं रुतली, विमान नाकावर उलटलं. शेठचा खांदा मोडला, बाकी सगळे वाचले. तसं उतरवणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं असं जुहूचे लोक आजही म्हणतात. पण तू जबानीत लिहून दिलंस, की वारा समोरून होता, माझा अंदाज चुकला. शेठनं तेच धरलं. पायलट चुकला, असं ते ज्याला-त्याला सांगत सुटले. आणि तू विमलकडे राहिलास तो राहिलासच. मेहुण्याच्या वखारीत बसून पावत्या फाडतोस. मागं लिहिलंस, की आता रस्ता ओलांडतानासुद्धा समोरची गाडी किती लांब आहे ते कळेनासं झालंय, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय. ते वाक्य वाचून मी पत्र घडी घालून ठेवून दिलं. पुन्हा उघडलं नाही.

आईचं तर वेगळंच. तार आली त्या दिवसापासून ती मला देव मानते. "तुजा हात देवानं धरला, म्हून माजं नाव खोडलंस," असं म्हणून दर खेपेला मला पेज वाढते, वर लोणच्याची फोड. मी मान खाली घालून खातो.

सहदेव, वारा समोरून नव्हता. असला तरी दोष त्याचा नव्हता. तीन आठवड्यांमागं नव्या विमानांच्या पुस्तिका आल्या. एकीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तळटीप होती. अमेरिकन गॅलन लहान असतो. त्यांचे सहा म्हणजे आपले पाच. आपली टाकी साठची होती ती अमेरिकन साठ, म्हणजे इथली पन्नास. मिस्त्र्यानं सांगितलेले तासाचे दहा मात्र इथले. तुझ्याजवळ सहा तास कधी नव्हतेच, पाच होते. तू पाच तास नीट उडवलंस, अगदी घड्याळ लावल्यासारखं. आणि जे दहा गॅलन टाकीत नव्हतेच त्यांचे बहात्तर रत्तल मी वजनात धरले होते. आईला जागा होती.

तळटीप वाचून मला धक्का बसला असं लिहिणार होतो. ते खोटं ठरेल. कसं घडलं ते तेव्हा कळलं, पण काहीतरी चुकलं आहे हे तार हातात पडली त्याच क्षणी मला ठाऊक होतं. कान्हा माझ्याकडे बघत होता. त्यानं एक अक्षर काढलं नाही, मीही नाही. नऊ महिने आम्ही एकाच गिरणीत एकमेकांची नजर चुकवत होतो.

काल सकाळी गिरणीत सगळ्यांसमोर शेठना सांगितलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "सहदेव गेला तो गेला. मी चार लोकांत बोलून बसलोय. तू गप रहा, नवं विमान मागव." मी दोन्ही पुस्तिका त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणालो, हे काम आता माझ्या हातून होणार नाही. त्यांनी मला गिरणीतूनच जायला सांगितलं. बाहेर कान्हा पोती शिवत बसला होता. सुई न थांबवता म्हणाला, "लई येळ लावलास."

तिथून कळंबला गेलो. आईला गॅलनचं कळलं नाही, पण जागा होती हे कळलं. ती उठून आत गेली. पेज आली नाही. खूप वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे. त्याला कळवलंस का? त्यो तिकडं सोताला खातोय." मग समोर बसून तिनं सोबतचं पत्र सांगितलं. त्यात यातलं काहीच नाही. म्हणाली, हे तुजं तू लिव.

म्हणून हे लिहितोय. माफी मागावी एवढं तोंड मला राहिलेलं नाही, आणि तू ती देऊ नयेस. पण तुझा परवाना मार्चपर्यंत चालू आहे. जुहूच्या क्लबात शिकवणारा माणूस हवा आहे, मी परवा जाऊन चौकशी करून आलो. ते विचारणार, कराचीला काय झालं? तेव्हा जबानीतलं ते वाक्य मागं घे आणि हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. कान्हाचा अंगठा खाली घेतला आहे, कळंबच्या पाटलांची साक्ष आहे. तुला पत्र लिहिताना मी आजवर नुसतं 'गजा' लिहीत आलो. आज पुरं नाव लिहितो, म्हणजे कुणालाही दाखवता येईल.

तुझाच,
गजानन कोंडाजी बडेकर
विमानाचा हिशेब करणारा आणि टाकी भरल्याचं सांगणारा