आहेरात गेलेला आकडा

कात्रप, बदलापूर पूर्व
रविवार

तीर्थस्वरूप भगवानमामा,

तुमच्या एकुलत्या भाच्याचा कागदावरूनच नमस्कार, कारण प्रत्यक्ष पाया पडायला तो मीनलच्या हळदीलाही आला नाही आणि लग्नालाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर आटोक्यात असेल (लग्नाच्या बुंदीनंतर नसणार, पण विचारायची पद्धत आहे). मीनल गावातल्याच सासरी रुळली का? इकडे आई ठणठणीत आहे. लग्नापासून माझ्याशी गरजेपुरतंच बोलते, त्यामुळे तिच्या तब्येतीला आराम आहे.

तुम्ही लोकांना सांगता की भाचा सायंटिस्ट आहे, आणि पुढे कोणी काही विचारलं की जागेच्या भावावर येता, म्हणून आज नीट सांगतो. परदेशात एक लांबलचक यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण भन्नाट वेगाने पळवतात. प्रत्येक कण भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो असं समजा (तसा तो फिरत नाही, पण खरं काय ते मलाही सांगता येत नाही). झोतातले शंभरातले किती भोवरे एकाच बाजूने फिरतात, ते मोजणं हे माझं काम. त्यासाठी झोत सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडायचा आणि आपटून डावीकडे किती उडाले, उजवीकडे किती उडाले, ते मोजायचं. दोन्हींत फरक जेवढा निघेल त्यावरून उत्तर काढायचं. सोनं म्हटल्यावर मामी कान टवकारतील, तर तो पत्रा इतका पातळ असतो की शेजारी कोणी शिंकलं तरी जातो. मी एकदा शिंकलोय.

आता खरी गोम. माणूस मोजायला बसला की त्याला हवं तेच उत्तर काढतो. मी वजन करताना आधी चप्पल काढतो, मग घड्याळ, मग पट्टा, आणि आकडा मनासारखा आला की तिथेच थांबतो. प्रयोगात असं होऊ नये म्हणून आमच्या सरांनी तीन वर्षांपूर्वी एक आकडा मनात धरला आणि कॉम्प्युटरकडून तो आमच्या उत्तरात गुपचूप मिसळून टाकला, मागे कुठे नोंद न ठेवता. म्हणजे मला रोज दिसतं ते उत्तर मुद्दाम चुकीचं. काम संपलं की सगळ्यांसमोर तो आकडा उघड करायचा, उत्तरातून वजा करायचा, की झालं. त्याआधी मला तो कळला तर तीन वर्षांचं मोजमाप बाद. सरांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, खाली सही केली, घडी घालून चिठ्ठी माझ्याकडे सांभाळायला दिली आणि स्वतः आकडा विसरून गेले (त्यांना स्वतःचा मोबाइल नंबरही आठवत नाही). माझ्याकडेच का, तर गटात सगळ्यांत कमी उचापती मी. हे ते कौतुकाने म्हणाले.

चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली असती तर माझाच हात गेला असता, म्हणून मी शक्कल लढवली. आईच्या कपाटात आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा असतो ना, लाल, सोनेरी गणपतीची, वर रुपयाचं नाणं चिकटवलेली? त्यातल्या एकात चिठ्ठी घातली, पाकीट डिंकाने बंद केलं आणि तळाशी सरकवलं. बावीस वर्षं शिकलेल्या माणसाचं हे डोकं. मीनलच्या लग्नात आईने आत्या म्हणून साडी-चेन दिलीच, पण मी येत नाही म्हटल्यावर माझं नाक राहावं म्हणून माझ्यातर्फे वेगळं पाकीटही भरलं आणि त्याच गठ्ठ्यात ठेवलं. निघायच्या घाईत तिच्या हाताला कोणतं लागलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात गेल्या मंगळवारी आलं.

मंगळवारी आकडा उघड करायची बैठक होती, व्हिडिओवर, चार देशांतली बावीस माणसं. सरांनी टाय बांधला होता. मी गठ्ठ्यातलं एकमेव बंद पाकीट काढून आणलं, कॅमेऱ्यासमोर ऐटीत फाडलं आणि आतून पाचशेची कोरी नोट निघाली. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. तिकडच्या एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं की पाचशे वजा करायचे, की बाहेरचं नाणं धरून पाचशे एक? शुभकार्यात वर एक रुपया का देतात, ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. सरांनी आपला कॅमेरा बंद केला.

आईला जाब विचारला तर भाकरी थापता थापता म्हणाली, "पाकिटावर नाव नव्हता, म्हणून मी तुजा नाव टाकला."

सरांनी महिन्याची मुदत दिली आहे, आणि वेळ आहेच तर सोन्याच्या जाडीचं गणित पुन्हा तपास म्हणाले. म्हणजे अजून महिनाभर मला आकडा कळता कामा नये. तोवर चिठ्ठी नाही मिळाली तर नवा आकडा आणि नवी तीन वर्षं. मी सदतीस वर्षांचा आहे मामा, आणि मला भीती वाटते आहे.

मामींना नमस्कार, मीनलला आणि जावयांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रज्वल

ता. क. : आता कामाचं. लग्नातली पाकिटं चाळून माझ्या नावाचं तेवढं शोधा. बंद असेल तर उघडू नका. उघडलं असेल तर आतली चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात घालून बंद करा. जिज्ञासा नावाची माझी सहकारी शनिवारी मोरिवलीला येईल, तिच्या हातात द्या. माझी पाचशेची नोट ती घेऊन येतेच आहे. मला उत्तर लिहू नका. फोन तर मुळीच नको, कारण तुम्ही आधी बातमी सांगता आणि मग हॅलो म्हणता. पत्र लिहायचं कारण तेच.

ता. क. २ : लग्नाच्या दिवशी ड्युटी आहे असं मी कळवलं होतं. कॉम्प्युटरवरून यंत्रावर नजर ठेवायची ड्युटी होती, पण बदलून मिळत होती. हळदीत जो तो विचारतो, "मग, काय शोधला?" आणि तीन वर्षांनंतरही माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, म्हणून घरी बसलो. मी यायला हवं होतं. मला त्याची लाज वाटते.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी आईने हे पत्र वाचलं आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. ती म्हणते, तुम्ही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पाकीट उघडून तिला फोन केला होता. (मला का सांगितलं नाही, तर म्हणे तू पाकिटाचं विचारलंस, चिठ्ठीचं कुठे विचारलंस?) मीनलने म्हणे ती चिठ्ठी अल्बमच्या पहिल्या पानावर लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते: दादाला यायला जमलं नाही, म्हणून त्याने शोधलेला आकडा मला आहेरात दिला. एवढं ऐकेपर्यंत ठीक होतं. मग आई म्हणाली, "सांगू काय, किती हाय तो?" मी गॅलरीत पळालो आणि बाहेरून दार ओढून धरलं.

तेव्हा सबंध मोरिवलीला आकडा पाठ आहे आणि माहीत नसलेला मी एकटा. चिठ्ठी काढून देताना मीनलला समजवा, काम झालं की मी स्वतः आणून पुन्हा त्याच पानावर लावीन. मला तिला उद्याच भेटायचं होतं, पण महिनाभर तुमच्या गावात पाय ठेवता येत नाही. तिला सांगा, या वेळी न येण्याचं कारण खरं आहे.