दोनदा वाकलेला चिमटा

मंगळवार, ता. १४

चिरंजीवास आईचा आशीर्वाद. सवयीनं तोंडातून निघाला, फार मनावर घेऊ नकोस.

इकडे सगळं बरं. माझे गुडघे तुझ्यावर गेलेत, हाक मारली तरी हलत नाहीत.

तुझं पत्र पोचलं. ‘परत यावंसं वाटतं. तू तिचं मन वळव, पण मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस.’ अरे शहाण्या, तुझ्या आईला अक्षर कधी आलं? आलेलं पत्र मला तुझी बायकोच वाचून दाखवते. ‘तिला कळू देऊ नकोस’ हेही तिनंच वाचलं, भाजी निवडावी तसं. आणि हे लिहितेयही तीच.

बरं, सायकलची बातमी. जाताना नवा रंग देऊन तिच्यासाठी ठेवून गेलास, तीच. परवा सून कारखान्यातून येत असताना पुढचं चाक साध्या खड्ड्यात गेलं आणि चाक धरणारा चिमटा वाकला. तुझी लेक मागे कॅरिअरवर होती. हनुवटीला टाके पडले.

सायकलवाल्यानं रंग खरवडला. म्हणाला, “आजी, हा आधी एकदा वाकलाय. कुणीतरी तापवून, ठोकून सरळ केला आणि वरून रंग फासला. नाहीतर एवढ्याशा खड्ड्याला दाद देत नाही.”

कुणी, ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस.

“पुन्हा सरळ होईल?” मी विचारलं. जन्मभर फुटक्या भांड्यांना कथलाचा डाग देतच संसार केला मी.

“होईल की. दिसेलही झकास. पण तुटेल तेव्हा सांगून तुटणार नाही.”

मी सुनेकडे पाहिलं. ती लेकीच्या हनुवटीकडे पाहत होती. म्हटलं, “नवाच बसव, बाबा.”

इथं सून थांबली. म्हणते, “आई, एवढं नको लिहायला.” मी म्हटलं, “लिही. हात तुझा, तोंड माझं.”

तर तिचं मन मी वळवणार नाही. लेकीला भेटायला ये, ओसरीवर बस, पाणी मिळेल. जुना चिमटा दारामागे खुंटीला आहे, जाताना तेवढा ने. भंगारात टाकायला माझा हात धजत नाही, हेही लिही म्हटलं तिला.

खाली अंगठा आहे. शाई सुनेनं लावली, दाबला मी.

तुझी, अजूनही,
आई