मृदुलाचा कोट, योग्य संस्थेला

१ फेब्रुवारी, रविवार
माझ्या बायकोला, मृदुलाला, जाऊन नऊ मार्चला वर्ष होईल. पुण्याहून प्रमोदिनीताईंचा फोन. म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीचे कपडे वर्षाच्या आत कुणा गरजूच्या अंगावर जाऊ देत. एकदम मान्य. मी खंबीर आहे. सुरुवात मोहरी रंगाच्या हिवाळी कोटापासून. आज संध्याकाळपर्यंत संस्था फायनल.

संध्याकाळी सहा
एक्सेल केली. सतरा संस्था, नऊ कॉलम. इतकं काटेकोर काम इथे नेदरलँड्समध्ये, निदान आमच्या आल्मेरे गावात, कुणी केलं नसेल. घाई नको.

८ फेब्रुवारी
चर्चवाले बाद. कपडे परदेशी पाठवतात, कुठल्या गरम देशात गेला तर? दुसऱ्या एका संस्थेच्या वेबसाइटचा फॉन्ट आवडला नाही. रस्त्यावरचा कपड्यांचा कंटेनर तर बादच. आत अंधार असतो. तिला अंधाराची फार भीती वाटायची. 'इतर' नावाचा दहावा कॉलम टाकला.

आमच्या मृण्मयीने दारातून इंग्रजीत विचारलं, द्यायलाच हवा का. पंधरा वर्षांची पोर, तिला इम्पॅक्ट काय कळणार! समजावलं, की असे निर्णय भावना बाजूला ठेवून घ्यायचे असतात. दार ओढून निघून गेली. पटलं असावं.

२२ फेब्रुवारी
कोट ड्रायक्लीनिंगला नेला. दुकानाच्या दारातून परत आणला. कॉलरला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास आहे. उद्या बघू.

७ मार्च, शनिवार
दिला! स्टेशनजवळच्या क्रिंगलोपमध्ये. जुन्या वस्तू विकून फूड बँकेला मदत करतात. स्कोअर ७.८. काउंटरवरच्या आजींनी लगेच हँगरला लावला. मी हसत बाहेर पडलो. सायकलचं कुलूप तेवढं वीस मिनिटं उघडेना. थंडीने बोटं बधिर झाली होती, दुसरं काही नाही.

दुपारी जेवताना मृण्मयीला सांगितलं. भात तसाच टाकून सायकल घेऊन गेली. मैत्रिणीकडे असेल.

८ मार्च
सहज दुकानावरून चक्कर मारली. बंद. काचेतून कोट दिसला नाही.

९ मार्च
रजा टाकली. दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. विकत घेणं ही पण संस्थेला मदतच की.

कोट नव्हता. आजी म्हणाल्या, शनिवारीच गेला. एक मुलगी धापा टाकत आली, पिशवीत घालू दिला नाही, अंगात घालूनच गेली. बाह्या लांब होत होत्या तिला.

घरी आलो. हीटिंग चालू, आणि मृण्मयी कोट घालून पलंगावर. म्हटलं, मला सांगायचं नाहीस का? म्हणाली, तू मला विचारलंस का, बाबा? चक्क मराठीत म्हणाली.

सतरा संस्था, दहा कॉलम. पोरीला एकदाही विचारलं नाही मी. शेजारी बसलो, कॉलरमध्ये तोंड खुपसलं आणि दोघंही खूप रडलो.

ताईंना मेसेज केला. कोट गरजूच्या अंगावर गेला.