बाजेखालची शेगडी

अकोला. पौष वद्य पंचमी, शके १७८५.

लेक बाळंत झाली, थंडीने कुडकुडते आहे आणि तिच्या बाजेखाली शेगडी ठेवायला घरात जागा नाही. माजघरात कापूस, ओसरीवर कापूस. चूलसुद्धा परसात गेली. घर माझं की कापसाचं? मुलाला म्हटलं, विकून टाक.

"बाबा, भाव चढून राह्यला, अन् तुमी शेगडीचं घेऊन बसले!"

त्याची आई कडाडली, "मंग कापसालेच शेक दे, तोच बाळंत झाला!"

तरी हलेना. उरलं फक्त देवघर. शेवटी देव उचलून माजघरात ठेवले आणि देवघरात बाज टाकून शेगडी पेटवली. लेकीला झोप लागली. देवांपुढे मात्र आज दिवा नाही. कापसाजवळ कसा लावू?