पीचची ऑक्टोबर छाटणी

१४ ऑक्टो.
हिचं परवा मिरजेला तिसरं केमो झालं. ओकून ओकून निपचित पडलीय. मला नुसतं बसवेना. द्राक्षबागेची छाटणी गेल्या आठवड्यात उरकली, म्हणून कात्री घेऊन परसातली पीचची दोन्ही झाडं धरली. हिचीच ती. लेकानं फौजेतून सुट्टीवर येताना डेहराडूनहून कलमं आणली, हिनं तीन वर्षं पोरांगत सांभाळली. द्राक्षागत प्रत्येक काडी बुडाचे दोन डोळे ठेवून छाटली. चाळीस वर्षांचा हात आहे! ही उठल्यावर म्हणाली, "लय बारकी केलीसा वो." म्हटलं, छाटल्याबिगर फळ न्हाई.

२ नोव्हें.
हिच्या तोंडाला चव नाही. भाकरी मातीगत लागते म्हणे. लेकाच्या क्वार्टरवर खाल्लेला पीच तेवढा आठवतो. "औंदा आपल्या झाडाचा येक खाल्ला की मग काय व्हायचं ते व्हवू दे." दरडावलं, असलं बोलू नको. पण औंदा पहिलं फळ यायचंय खरं.

१९ जाने.
फूल नाही. नुसता पाला, तोही जोमात. हिनं खिडकीतून विचारलं, "आलं का वो?" थंडी कमी पडली, येईल, असं सांगितलं.

२७ जाने.
लेकाला फोन केला. त्यानं तिथल्या माळ्याला विचारून सांगितलं. पीचला फूल येतं ते गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या काडीवर. "आण्णा, ऑक्टोबरात छाटलासा व्हय?" द्राक्षाचं फळ नव्या काडीला, ह्याचं जुन्या. यंदाची सगळी फुलं मी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली. आणि लोक माझी छाटणी बघायला गावोगावहून येतात. शहाणा!

३ फेब्रु.
मिरज. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. औषध लागू पडत नाही. पाच-सहा महिने, फार तर. येताना गाडीत ही विचारत होती, काय म्हणालं? म्हटलं, पुढच्या महिन्यात या म्हणालं.

११ फेब्रु.
झाडाचं सांगून टाकलं. राहवेना. वाटलं, हसण्यावारी नेईल, जन्मभर तेच करत आली. नाही. "मला ईचारायचं व्हतं. झाडं माजी व्हती." एवढंच. भिंतीकडे तोंड करून पडली. मी गोठ्यात जाऊन रडलो. ह्या वयात, म्हशीसमोर.

१४ फेब्रु.
आज आपणहून भिंत धरत परसात आली. नव्या काड्या हातभर वाढल्यात.
"ह्येला फळ कवा?"
"पुढच्या वर्षी. एप्रिलात."
बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागली. एका हाताची बारा पेरं संपली. दुसरा हात पदरातच राहिला.
"आवं, डाक्टर खरं काय म्हणालं त्ये बी सांगा की आता."
चहा टाकतो म्हणून आत आलो. चहा कधीच उतू गेला. ती अजून बाहेर पायरीवर बसून आहे, दाराकडे तोंड करून.