शेवटच्या जागेचा दर

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला नेहमीसारखं दोनदा वाचून दाखवलं. मग तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि उशीखाली सारलं. म्हणून तर मी नऊशे लोकांना मेल पाठवते आणि तुला मात्र कागदावर लिहायला लावते. मेल उशीखाली ठेवता येत नाही.

आता कामाचं. घरगुती दुरुस्ती शिकवणाऱ्या माझ्या शुक्रवारच्या मेलमध्ये एका हार्डवेअरवाल्याला आणि एका रंगाच्या दुकानाला जाहिरात द्यायची आहे. दर काय, म्हणून विचारलं. कळवते म्हटलं आणि डोक्याला हात लावून बसले. औषधांचं तू बघतोस, पण आईला बोलायला शिकवणाऱ्या बाईंची फी मला या मेलमधूनच काढायची आहे. आजारपणात गेलेले तिचे शब्द एकेक करून परत येताहेत. बाई आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा आल्या, तर बरेच येतील म्हणे. तू बाजाराच्या हॉलमधले गाळे भाड्याने देतोस, दर लावण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. जास्त मागितले तर ते पळतील, कमी मागितले तर तू हसशील.

आणि येतोस कधी? आई विचारत नाही, एवढं तिला अजून जमत नाही. नुसती दाराकडे बघते.

माया असू दे, पण तिचं भाडं लावू नकोस.
तुझी खारूताई

११ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

हसलो, पण थोडंच. नऊशेवर दर लावू नकोस. मेल खरोखर उघडतात किती, ते बघ आणि तोच आकडा सांग. एकदा फसलेला गाळेवाला पुन्हा फिरकत नाही. दुसरं, जागा जागेत फरक असतो. नवा हॉल मिळाला की मी आधी कोपऱ्यात उभा राहून लोकांचे पाय कुठे थबकतात ते बघतो. थबकतात तिथे दुप्पट, खांबाआड निम्मं. तुझे वाचक कुठे थबकतात ते त्यांनाच विचार. तिसरं, ओळखीच्यांना सवलत नाही. मी माझ्या सासऱ्यांकडूनही पूर्ण भाडं घेतो. जेवायला अजून बोलावतात, फक्त आग्रह करत नाहीत.

येण्याचं म्हणशील तर हा महिना प्रदर्शनांचा. बघतो.

आईला साष्टांग नमस्कार, तुला एक टपली.
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उघडणारे पाचशे निघाले, म्हणून वरच्या जागेचे पाचशे रुपये सांगितले, मधल्या जागेचे तीनशे. दोघांनी लगेच मान्य केलं, तेव्हा मला हळहळ वाटली. बाईंचा आठवड्यातला आणखी एक दिवस पक्का झाला.

पण गंमत ऐक. मला वाटलं होतं, लोक वर थबकत असतील. निम्म्याहून जास्त जणांनी कळवलं की ते आधी थेट तळाशी जातात. तिथे मी ‘आईचा शब्द’ लिहिते, त्या आठवड्यात परत आलेला. मागच्या वेळी ‘चमचा’ होता. एका बाईंनी लिहिलंय की त्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नाही, पण शुक्रवारी आईच्या शब्दाची वाट बघतात. मी इतके दिवस नळ दुरुस्त करतेय आणि लोक आईला वाचताहेत!

आता चाकाच्या खुर्च्या आणि पलंग विकणाऱ्या एका कंपनीला नेमकी त्या शब्दाखालची जागा हवी आहे. आपणहून पंधराशे देताहेत. घेतले तर बाईंचे तिन्ही दिवस पक्के. तरी माझा हात पुढे होत नाही. काय करू?

आमची आठवण धूळ झटकून ठेवत जा.
तुझी खारूताई

२७ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

देऊन टाक. मोक्याची जागा रिकामी ठेवून कोणाचं भलं झालंय? शब्द आईचा राहीलच, खाली एक खुर्ची आली तर काय बिघडलं? आईला कळणारही नाही.

पुढच्या महिन्यातही जमेलसं दिसत नाही. समजून घे.
दादा

४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यासारखी वेडी मीच. सवयीने तुझं पत्र मोठ्याने वाचत सुटले आणि ‘आईला कळणारही नाही’ वाचून झाल्यावर जीभ चावली. आईने माझ्याकडे असं बघितलं, की मला लहानपणचा धपाटा आठवला. मग म्हणाली, “माझी.” बऱ्याच वेळाने, “किती?”

मी पंधराशे सांगितले. तिने पर्स मागितली आणि पलंगावर उपडी केली. मला वाटलं, जागा विकू नये म्हणून देतेय. पण तिने मान हलवून कंप्युटरकडे बोट दाखवलं. तिला जाहिरात द्यायची होती! तूच सांगितलंस म्हणून ओळखीची सवलत दिली नाही. कंपनीला ‘नाही’ म्हणून कळवलं. बाईंचा तिसरा दिवस राहिला, राहू दे.

मजकुरातला एक शब्द तिला यायचा, दुसरा ओठांवर येऊन परत जायचा. बाईंनी आपले दोन्ही दिवस तेवढाच घेतला. काल आला.

दादा, तिला अशी बघवत नाही म्हणून तू येत नाहीस, हे मला माहीत आहे. मलाही बघवत नव्हतं. रोज बघून बघवायला लागलं, एवढंच. तू मेल तळापर्यंत वाचत नाहीस, म्हणून शेवटचा भाग छापून सोबत ठेवला आहे.

तुझी, आणि उशीवाल्या आईची,
खारूताई

(सोबत)
आईचा शब्द
जाहिरात: दादा, ये.

८ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

जाहिरात हॉलच्या ऑफिसात उघडली. समोर घासाघीस करायला दोन गाळेवाले बसले होते. मला रडताना बघून ते बिचारे सांगितलेल्या भाड्याला हो म्हणून निघून गेले.

तिच्यापुढे बसून काय बोलायचं, याचीच मला भीती वाटत होती. मी बोलायचो थोडं, बोलायची तीच. आता सुरुवात तिने करून दिली आहे. शनिवारी सकाळी पोचतो. यापुढे दर शनिवारी येईन, बाईंचा तिसरा दिवस माझा.

एक मात्र सांगतो, धंद्यातला माणूस म्हणून. त्या शेवटच्या जागेचा दर तू फारच कमी लावला आहेस.

दार उघडं ठेवा.
दादा