स्वतःच्याच अंगणातील मुरमाविरुद्ध

प्रति,
मा. वॉर्ड अधिकारी,
वॉर्ड कार्यालय, उणकल, हुबळी.

विषय : अंगणातील मुरूम काढून टाकण्याची नोटीस अर्जदारासच बजावण्याबाबत.
संदर्भ : दसऱ्याच्या नैवेद्याची खीर.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त भूगोल शिक्षक असून पत्नी सौ. जयलक्ष्मी यांच्यासह उणकल येथे राहतो. चिरंजीव श्रीनिधी यांनी कॅलिफोर्नियाहून तिकडच्या अंगणांचे फोटो पाठविले. तेथे 'डिकम्पोज्ड ग्रॅनाइट' पसरतात. हा आपला मुरूमच, हे अर्जदाराने तात्काळ ओळखले आणि दोन ट्रॅक्टर मुरूम आणवून, पाणी मारून, ठोकून बसविला. पावसाळ्यात चिखल झाला नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

२. तथापि सौ. जयलक्ष्मी लग्नापासून रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढतात. मुरमात सडा जिरतो आणि रांगोळीची रेघ खड्यांत उतरते. पंधरा ठिपक्यांचे कमळ सांडलेल्या पिठासारखे दिसू लागले. त्यांनी रांगोळी फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर नेली, ती दूधवाल्याच्या सायकलीने रोज पुसली. शेजारचे श्री. प्रभंजन यांनी तर ते ठिपके म्हणजे रस्त्याच्या कामाची आखणी असे समजून, "सर, आमच्या दारापर्यंत कधी येणार?" अशी चौकशी केली. पत्नी हसल्या नाहीत.

३. पुढे मुरूम चपलांबरोबर स्वयंपाकघरापर्यंत पोचला. दसऱ्यास खिरीत खडा निघाला. अर्जदाराने तो भिंगाखाली धरून अस्सल ग्रॅनाइट असल्याचा निर्वाळा दिला. ती वेळ भिंगाची नव्हती, हे आता मान्य आहे. पत्नी त्याच दुपारी धाकट्या बहिणीकडे धारवाडला गेल्या. अंगणात मुरूम असेपर्यंत त्या येणार नाहीत.

४. मुरूम उद्यासुद्धा काढता येईल. परंतु "माझे चुकले" हे शब्द, एकतीस वर्षे खडकांचे प्रकार शिकविलेल्या अर्जदाराच्या तोंडून निघत नाहीत. सरकारी हुकूम मात्र तो मुकाट्याने पाळील. कारण म्हणून मुरूम रस्त्यावर आल्याचे लिहावे. सध्या वीतभर आला आहे, कमी वाटल्यास अर्जदार आणखी ओढून देईल. नोटीस कडक भाषेत, कन्नडमध्ये, ठळक शिक्क्यासह असावी आणि तिची प्रत धारवाडच्या पत्त्यावर जावी.

५. वसुबारस तोंडावर आली आहे. घर खायला उठते. तरी त्यापूर्वी अर्जदारावर कारवाई करण्याची कृपा व्हावी.

नोटिशीची वाट पाहणारा आपला नम्र,
बाळकृष्ण शेषगिरी गलगली
उणकल, ८ ऑक्टोबर २००३

सोबत :
१. मुरमाचा नमुना, एक पुडी.
२. खिरीतील खडा, धुतलेला.
३. रांगोळीचा डबा. हा जोडता येत नाही, पत्नी जाताना सोबत घेऊन गेल्या आहेत.